पोस्टल २ घेतला पण तासाभरात कंटाळा आला, नक्की खेळायचा कसा हा गेम?

शिरोली_सेकंडशिफ्ट

मंडळी नमस्कार. प्रश्न जरा येडा वाटंल पण विचारतोच. माझा लॅपटॉप जुना आहे, ग्राफिक्स कार्ड हा विषयच नाही, जीटीए ५ टाकून बघितला तर पंखा एवढा ओरडला की आई झोपेतनं उठून आली. कंपनीतला एक जण म्हटला पोस्टल २ घे, २००३ चा गेम आहे, कशावर पण पळतो, ओपन वर्ल्ड आहे म्हणजे गावभर मोकळं फिरायचं, काय पण करता येतं आणि हसून हसून मरशील. स्टीम म्हणून गेम विकायची साइट आहे, तिच्या सेलमध्ये चहा-वड्याच्या पैशात मिळत होता, घेतला.

पहिली पंधरा मिनिटं हसलो हे खरं. फावडं सापडलं, मग पिस्तूल, दिसंल त्याला हाणायला चालू केलं, लोकं बोंबलत पळायला लागली, मग पोलीस आले, मला मारलं, लोड केलं, परत तेच, परत पोलीस, परत लोड. तासाभरात जाम कंटाळा आला. मॅप पण तुकड्या-तुकड्यात आहे, रस्त्याच्या टोकाला गेलं की लोडिंग, गाडी चालवायची सोय नाही, सगळीकडं पायी. आणि मिशन काय तर म्हणे दूध आणा! आयला दूध आणायला मी लॅपटॉप लावलाय काय, दूध आणायला घरातनं मला गंगावेशीत पाठवत्यातच की, तिथं म्हैस समोर उभी असती, धार काढून देत्यात, हिथं तर लोडिंग स्क्रीन.

तर विचारायचं हे की लोकं ह्या गेमला एवढं डोक्यावर का घेतात? मला काय दिसंना झालंय?

दुसरं म्हणजे भाचा आठवीत आहे, सुट्टीला आमच्याकडंच असतो आणि मी खेळायला लागलो की खुर्चीच्या मागं येऊन उभा राहतो. त्याच्यासमोर खेळला तर चालंल का?


जुना_सायबरवाला

भावा तुझ्या त्या कंपनीतल्या दोस्तानं अर्धंच सांगितलं. काय पण करता येतं हे बरोबर, पण त्या काय पणमध्ये काहीच न करणं पण येतं, आणि खरी गंमत तिथंच आहे.

राजारामपुरीत सायबर कॅफे जोरात होते त्या काळात मी हा गेम बघितला. सगळी पोरं वाईस सिटी नाहीतर काउंटर स्ट्राइकवर बसलेली, आणि कोपऱ्यातल्या पीसीवर कुणीतरी पोस्टल २ टाकून ठेवलेला. जो येईल तो तू केलंस तेच करायचा, दहा मिनिटं गोळ्या झाडायचा आणि उठायचा. एक जण मात्र बंदूक न काढता नुसता चालत बसलेला असायचा, आम्ही त्याला येड्यात काढायचो. मग एक दिवस त्याच्या मागं उभं राहून बघितलं आणि मी तिथनं हाललोच नाही.

आता ऐक. हातातलं हत्यार ठेवून दे आणि सोमवार परत चालू कर. गेम सोमवार ते शुक्रवार असा आहे, रोज तुझ्या हातात कामांची यादी. सोमवारची कामं तीन, कंपनीत जाऊन पगाराचा चेक घ्यायचा, बँकेत जाऊन तो वटवायचा आणि दूध आणायचं. बास. ह्यात माणूस मारायचं काम कुठंच नाही. यादी बघितली तर तुझ्या-माझ्या रविवारची असावी अशी आहे.

पण ती कामं करताना गेम तुला सुखानं करू देत नाही. ज्या कंपनीत चेक घ्यायला जातोस ती कंपनी म्हणजे हा गेम बनवणारी रनिंग विथ सिझर्स, अमेरिकेत अॅरिझोनामधल्या टुसॉनची. तिचा मालक विन्स डेसी स्वतःच्याच नावानं गेममध्ये बसलाय. ऑफिसच्या दारात हिंसक व्हिडिओ गेम बंद करा म्हणून मोर्चा आलेला असतो, आणि थोड्या वेळानं तेच मोर्चावाले बंदुका काढून ऑफिसात घुसतात. म्हणजे हिंसाचाराचा निषेध करायला आलेली माणसं गोळीबार करत्यात आणि तू, ज्याच्याबद्दल सगळे म्हणत्यात हा बिघडलेला आहे, तू हातात चेक धरून टेबलाच्या आडनं दार शोधालायस. हे आपण कुणाला मारलेलं नसतानाच हसू येतं. तू आधीच चार मुडदे पाडून तिथं पोचलास तर त्यात विनोद काय राहिला, तू पण त्यातलाच एक झालास की.

बँकेत पण तसंच. रांग आहे. रांगेत उभं राहावं लागतं, खरोखरची रांग, पुढचा सरकला की आपण सरकायचं. ह्याला कंटाळून पहिला माणूस गोळी झाडतो बघ, आणि गेम बनवणाऱ्यांनी हे ओळखूनच ती रांग ठेवलीय. तो तुला चिथावतोय. तू चिथावला जातोस का नाही एवढाच अख्खा गेम आहे.

पाचही दिवस एकाला पण न मारता गेम पुरा होतो. हे कुणीतरी नंतर शोधून काढलेलं नाही, बनवतानाच तशी सोय ठेवलीय. तसा पुरा केलास तर शेवटी स्क्रीनवर काय लिहून येतं ते तुझं तू बघ, मी सांगत नाही.


पन्हाळा_नाईट_रायडर

एवढं सभ्यपणानं खेळायचं असंल तर शेतीचा गेम घे की भावा, ट्रॅक्टर तरी चालवायला मिळंल 😂


जुना_सायबरवाला

@पन्हाळा शेतीच्या गेममध्ये कुणी तुझ्या अंगावर येत नाही रे, तिथं सभ्य राहण्यात कसली मर्दुमकी.

आणि सेकंडशिफ्ट, काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. हत्यार हातात दिसलं की लोकं घाबरतात आणि पोलिसांचं लक्ष जातं, म्हणून मोकळ्या हातानं फिरायची सवय लाव. भानगड झालीच तर पळ, नजरेआड काही वेळ काढला की पोलीस थंड पडतात. त्यांना डोनट टाकलास तर ते खायला थांबतात, हे करून बघच. कुत्र्याला बिस्किट टाकलं की तो तुझा होतो आणि मागं मागं येतो. बाकी गेममध्ये चेन उघडून लघवी करायचं एक बटन आहे, पोरं ते बटन सापडलं की दिवसभर तेवढंच करत्यात, पण त्याचा खरा उपयोग तुझ्या अंगाला आग लागल्यावर आहे. वर बघायचं आणि बटन दाबायचं. पुढचं सांगायला लागू नये.

एकाचा धक्का दुसऱ्याला लागला की सगळा चौक पेटतो हे पण बघ. कुणीतरी बंदूक काढतो, त्याला बघून पोलीस काढतो, पोलिसाची गोळी तिसऱ्याला लागते, तो चौथ्यावर धावतो. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठेची फुटबॉल मॅच रंगात आल्यावर गॅलरीत जे होतं तेच, चालू कुणी केलं ते शेवटपर्यंत कळत नाही. तू लांब कोपऱ्यात उभा राहा आणि मजा घे.


मृगाचा_पाऊस

वरच्या दादांचं बरंचसं पटतंय, पण ह्या गेमचं कौतुक ऐकताना दर वेळी एक बाजू गुंडाळून ठेवली जाते म्हणून लिहिते. मी पाचही दिवस पुरे केलेत, कुणाला न मारता नाही, मध्ये राग अनावर झाला ती जागा पुढं सांगते.

रांगेची कल्पना भारी आहे, मोर्चाची पण. पण त्या दुधाच्या दुकानात जाऊन बघा. दुकानाचं नाव लकी गणेश. मालकाचं नाव हबीब. आणि दुकानाच्या मागच्या बाजूला कोण लपलेले, तर दाढीवाले अतिरेकी. आता अमेरिकेतल्या कुठल्या तरी ऑफिसात बसून ज्यानं हे लिहिलं त्याला गणेश कुठला आणि हबीब कुठला ह्याच्याशी काय घेणंदेणं नव्हतं, सावळा दिसतोय ना, बोलण्यात वेगळा हेल आहे ना, मग झालं, सगळे एकाच पोत्यात. काही जण म्हणतात ताई हे विडंबन आहे, अमेरिकन लोक असा विचार करतात हेच दाखवलंय. असेल. ११ सप्टेंबरनंतर दोनच वर्षांत आलेला गेम आहे, तिथं तेव्हा वातावरण तसं होतंच. पण विडंबनात ज्याची टोपी उडवायची तो समोर असावा लागतो. मोर्चाच्या विनोदात टोपी उडते ती ढोंगी माणसाची. दुकानाच्या विनोदात कुणाची उडते? पूर्वग्रह असणाऱ्याची तर दिसली नाही मला, दुकानदाराचीच उडाली. बायकांवरचे, गे लोकांवरचे विनोद पण ह्याच लायकीचे आहेत, २००३ सालात शाळेच्या मागच्या बाकावर चालले असते असे.

आणि मांजर! मांजर पकडून बंदुकीच्या नळीला लावायचं, सायलेन्सर म्हणून. हे ह्या गेममधलं सगळ्यात गाजलेलं दृश्य आहे आणि माझ्या घरी दोन मांजरं आहेत. मी एकदाही केलं नाही. हसणाऱ्याला मी अडवत नाही, काळा विनोद म्हणजे तो कुणाच्या तरी घशात अडकणारच, माझ्या इथं अडकला.

तरी मी पाचही दिवस का खेळले? कारण दादा म्हणतात ते चिथावणीचं खरं आहे आणि ते दुसऱ्या कुठल्या गेममध्ये मला असं सापडलं नाही. जीटीए ५ घ्या. २०१३ सालचा, कितीतरी पटीनं देखणा, विनोद पण जास्त हुशार, रेडिओवरच्या जाहिराती ऐकत नुसतं गाडीतनं फिरलं तरी वेळ जातो. पण त्यात ट्रेव्हर म्हणून जो एक हिरो आहे त्याचं ते छळाचं मिशन आहे. खुर्चीला बांधलेला माणूस, समोर हत्यारं मांडलेली, दात उपटायची पक्कड पण त्यात, आणि त्यातलं हत्यार निवडून तुम्हालाच तुमच्या हातानं त्याला छळायला लावतात. स्टोरी पुढं न्यायची तर ते मिशन येतंच. मला त्यातलं काहीच नको होतं, कुणी विचारलं नाही. तेव्हा बदनाम कोण, पोस्टल. आणि शांतपणे घरी जायची वाट कुणी ठेवली, तर पोस्टलनंच. हे मला अजून पचत नाही पण आहे तसं आहे.

राहिली ती राग अनावर झालेली जागा. मंगळवारी गॅरी कोलमनची सही घ्यायला मॉलमध्ये रांगेत उभी होते. आणखी काय सांगू.


पन्हाळा_नाईट_रायडर

ताई गॅरी कोलमनच्या रांगेत मी पण सगळी साफ केली होती 😂😂 तो कोण होता हे पण माहीत नव्हतं मला तेव्हा


मृगाचा_पाऊस

अमेरिकन टीव्हीवरचा गाजलेला बालकलाकार होता तो, मोठा झाल्यावर पण उंची कमीच राहिली, किडनीचं दुखणं होतं. गेममध्ये स्वतःची भूमिका स्वतःच केलीय, आवाज पण त्याचाच. गंमत म्हणजे ज्या २००३ साली हा गेम आला त्याच साली तो कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी निवडणुकीला पण उभा होता. २०१० साली वारला. स्वतःवर हसायची तयारी मात्र होती माणसाची, ते मानायला पाहिजे.


दोन_पोरांचा_बाप

सगळे गेमवर बोलायला लागले, भाच्याचं कुणीच सांगितलं नाही.

नको. आठवीतल्या पोरासमोर नको. ह्या गेमला अमेरिकेत एम रेटिंग आहे म्हणजे १७ वर्षांच्या पुढं. न्यूझीलंडनं २००४ मध्ये त्याच्यावर बंदीच घातली. आपल्याकडं सिनेमाला जसं सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं तसं गेमला काही नाही, स्टीम जन्मतारीख विचारतं आणि पोरं बिनधास्त १९९० टाकत्यात, त्यामुळं सेन्सॉर बोर्ड तूच.

मी काय फार सोवळा बाप नाही. माझा थोरला दहावीत आहे, गोळीबाराचे गेम खेळतो, मी पण त्याच्याबरोबर खेळतो आणि मार खातो. मला रक्ताची तेवढी काळजी वाटत नाही, २००३ चं रक्त आहे ते, लाल रंगाचे ठिपके. काळजी ह्याची की वर ताईंनी जे लिहिलंय ते सगळं कळायला पाठीमागं काहीतरी माहीत असावं लागतं. आपल्याला मोर्चाचा विनोद कळतो. पोराला काय कळणार, माणसावर मुतलं की माणूस ओकतो एवढंच कळणार, आणि सोमवारी ते शाळेत जाऊन सांगणार, मामाकडं बघितलं म्हणून. मग बहिणीला तूच उत्तर दे.

रेटिंगचा विषय निघाला म्हणून एक सांगतो. गेमना वयाचं रेटिंग द्यायची पद्धत अमेरिकेत १९९४ मध्ये चालू झाली. त्याच्या आदल्या वर्षी तिथल्या सिनेटमध्ये हिंसक गेमवर सुनावण्या झाल्या होत्या आणि त्यात पुढं होते जो लीबरमन नावाचे सिनेटर. पोस्टलवाल्यांनी त्यांचा सूड कसा घेतला माहितेय? गेममध्ये अवघडपणाचे जे प्रकार आहेत त्यातल्या एकाचं नाव लीबरमोड ठेवलंय, त्यात साध्या माणसांकडं बंदुका नसतातच. आणि दुसऱ्याचं नाव हेस्टनवर्ल्ड, बंदूकवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष असलेले नट चार्लटन हेस्टन ह्यांच्यावरनं, त्यात रस्त्यावरचा जो तो बंदूक घेऊन फिरतो. दोन्ही बाजूंची ठेवलीय. सेकंडशिफ्ट तू कशावर खेळालायस ते बघ, न मारता खेळायचं असंल तर लीबरमोडवर चालू कर, हेस्टनवर्ल्डमध्ये नवीन माणसाचं काय चालत नाही.


शिरोली_सेकंडशिफ्ट

बापरे एवढं सगळं येईल वाटलं नव्हतं. भाच्याचा निर्णय झाला, तो असताना आता कॅरम.

आत्ता शिफ्टवरनं येऊन सोमवार परत खेळला, सायबरवाले दादा म्हणतात तसा मोकळ्या हातानं, लीबरमोड लावून. सांगतो काय झालं.

चेक मिळाला. मोर्चावाले आत घुसले तेव्हा मी एका खोलीत भिंतीला चिकटून उभा, बाहेर नुसता धुरळा, कोण कुणाला मारालंय कळंना. जरा थंड पडल्यावर मागच्या बाजूनं सुटलो. मग बँक. दादा ती रांग बघून खरंच आमच्या पेठेतल्या बँकेत पेन्शनच्या दिवशी गेल्यासारखं झालं. माझ्यापुढं एक हिरवा शर्टवाला. तो हालायलाच तयार नाही. मी त्याच्या मागं, माझ्या मागं कुणीतरी बाई, आणि डूड, म्हणजे आपला हिरो, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतोय. माझं बोट आपोआप हत्यार बदलायच्या बटनावर गेलं, काढलं, परत गेलं. हिरवा शर्ट सरकला! मला एवढा आनंद झाला की खुर्चीत उडी मारली, रात्री दीड वाजता, एका माणसानं एक पाऊल पुढं टाकलं म्हणून.

पैसे हातात आले आणि लगेच दरोडेखोर. आता मी जाम हसालोय एकटाच. पोलीस आणि दरोडेखोर एकमेकांना हाणालेत, हिरवा शर्ट गेला बिचारा, आणि मी खाली वाकून दारातनं बाहेर. कुणाला एक गोळी मारली नाही. पण मी पळताना दार मागं उघडंच राहिलं आणि दरोडेखोर माझ्या मागनं रस्त्यावर आले आणि तिथं जे काय झालं त्याची जबाबदारी कुणाची हे मला माहीत नाही, माझ्या खात्यावर खून शून्य आहेत एवढं खरं.

मग लकी गणेश. ताई तुमचं आधी वाचलं होतं म्हणून बरं, पाटी बघितली आणि दोन्ही झालं, हसू पण आलं आणि डोकं पण फिरलं. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानाचं नाव पण ह्याच्या जवळपासचंच आहे. इथं पैसे देऊन दूध घेतलं आणि सरळ घर गाठलं.

आता दोन शंका. एक म्हणजे माझ्या स्क्रीनवर सगळं ताणल्यासारखं दिसतंय, माणसं बुटकी आणि रुंद. दुसरं म्हणजे मंगळवारी ती सहीची रांग, तिथं सगळेच हात टेकलेले दिसतात, काय करायचं?


लेथचा_पोरगा

स्क्रीनचं मी सांगतो. सेटिंगमध्ये रिझोल्यूशन बघ, जुनं चौकोनी असणार, लॅपटॉपचं जे मूळ आहे ते निवड आणि गेम बंद करून परत चालू कर. स्टीमवरचा पोस्टल २ रुंद स्क्रीनला चालतो, जुन्या सीडीवाल्याला भानगडी करायला लागायच्या. कंपनीनं २०१२ मध्ये स्टीमवर आणला आणि त्यानंतर बरीच वर्षं दुरुस्त्या करत राहिले, एवढ्या जुन्या गेमला एवढं कोण सांभाळत नाही. तुझ्या लॅपटॉपला गेमचं इंजिन, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम पळतो ते, झेपतंय, अनरियल नावाच्या इंजिनचं जुनं दुसरं व्हर्जन आहे, तरी बॅटरीवर खेळू नको, चार्जर लावूनच खेळ, नाहीतर गर्दीत अडखळतो. बँकेत अडखळला असंल तर त्यामुळंच.

आणि मॅप तुकड्यात असल्याचं पहिल्यांदा बोललास त्यावर, लोडिंगला शिव्या घालू नको, तेच तुझं शस्त्र आहे. मागं लागलेली गर्दी असली की पुढच्या तुकड्यात जा, बहुतेक सगळे मागंच राहतात.


जुना_सायबरवाला

शाब्बास रे सेकंडशिफ्ट. दाराच्या जबाबदारीचं जे लिहिलंस ते ह्या गेमचे लोक वीस वर्षं भांडत आलेत, त्यात पडू नको. गेमच्या हिशेबात तू निर्दोष.

सहीच्या रांगेचं. मंगळवारी तीन कामं आहेत, लायब्ररीचं पुस्तक परत करणं, चर्चमध्ये जाऊन पापाची कबुली आणि ही सही. क्रम तुझा तू ठरवू शकतोस. सही शेवटी ठेव. लायब्ररीत गेलास की पुस्तकं जाळा म्हणणारी टोळी येऊन लायब्ररीच पेटवते, तिथनं आग चुकवत बाहेर पडायचं, वर बघून दाबायचं बटन लक्षात ठेव. चर्चमध्ये कबुली देऊन बाहेर यायला जातोस तर तिथं पण गोळीबार. हे दोन्ही अंगावर काढून मॉलमध्ये गेलास की ती रांग म्हणजे विश्रांती वाटते, पन्हाळ्यानं आणि ताईंनी बहुतेक पहिल्यांदा रांगच धरली असणार.

रांग लांब आहे, मध्ये घुसायचा नाद करू नको. कीबोर्डवरचा हात काढ, उठ, चहा ठेव, मधनं मधनं येऊन एक पाऊल पुढं टाक. मस्करी नाही करत, मी तसंच केलं होतं. सही मिळते न मिळते तोवर पोलीस कोलमनला पकडायला येतात आणि तो काय ऐकून घेणारा गडी नाही. त्यामुळं रांगेत असतानाच बाहेरचं दार कुठल्या बाजूला आहे ते बघून ठेव, सही हातात पडली की मागं वळून बघायचं नाही.


मृगाचा_पाऊस

दादा चहाची आयडिया मला तेव्हा कुणी दिली असती तर वीस-पंचवीस माणसं वाचली असती.


पन्हाळा_नाईट_रायडर

ओके मी पण परत टाकतो. न मारता. बघू कुठपर्यंत टिकतोय. पुढं काय काय आहे ह्याचं, शुक्रवार झाल्यावर संपतो काय?


जुना_सायबरवाला

शुक्रवारनंतर अपोकॅलिप्स वीकेंड आहे, शनिवार-रविवार. आधी वेगळा विकायचे, स्टीमवर गेमच्या आतच मिळतो. पण तो सरळ एका लायनीत पळतो, झोंबी येतात, मारामारी टळत नाही, त्यामुळं आत्ता जे बोलालोय ते सगळं तिथं संपतं. मला आवडला नाही. २०१५ ला पॅराडाईज लॉस्ट म्हणून जोड दिली, ती वेगळी विकत घ्यावी लागते, त्यात परत सोमवार ते शुक्रवार आणि डूड आपला कुत्रा चॅम्प शोधत फिरतो. ती घ्या, सेलमध्ये. पोस्टल ४ पण आला २०२२ ला, मोठा आहे, पण सेकंडशिफ्टच्या लॅपटॉपवर पळायचा नाही.

पोस्टल ३ मात्र कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. २०११ चा, बाहेरच्या रशियन कंपनीकडनं करून घेतला होता, रांगा गेल्या, यादी गेली, नुसती मिशनवर मिशन. ज्यांच्या नावाचा गेम आहे ते स्वतःच लोकांना सांगत्यात घेऊ नका म्हणून.


लेथचा_पोरगा

मी घेतला होता. चालू पण झाला नाही.